तिच्या बाजूची स्प्रिंग

शिरसाट काका गाळ्यात आले की आधी माझ्याशी बोलत नसत. दारात जी गाडी उभी असेल तिच्या बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवायचे, अंगाचा सगळा भार टाकून ती खाली दाबायचे आणि म्हणायचे, "श्वास घ्या. रोखून धरा." मग हात झटकन उचलायचे. "सोडा." गाडी वर यायची. ती एका दमात वर येऊन थांबते की आणखी दोनदा डुलते, ते काका मान तिरकी करून बघायचे. डुलली की माझ्याकडे वळायचे आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "मॅडम, पेशंट हलला. फोटो खराब."

त्यांनी सगळी नोकरी महापालिकेच्या एका इस्पितळात एक्स-रे काढण्यात घालवली होती. निवृत्त झाले तरी त्या तीन सूचना तोंडातून गेल्या नव्हत्या. रिक्षात बसताना, जिना चढताना, चहा गरम लागला तरी तेच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा माणूस प्राणायाम शिकवतो असं वाटायचं.

माझा गाळा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे. गाड्यांचे शॉक ॲब्सॉर्बर खोलायचे, तेल आणि सील बदलायचे, हौशी लोकांच्या जीपना उंच स्प्रिंगा बसवायच्या, हे आमचं काम. गाळा वडिलांचा. ते गेले तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की मी तो विकून टाकीन. मी नाही विकला. बोरिवलीच्या घरात भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा इथे निदान ग्राइंडरचा आवाज तरी असतो. हौशी गिऱ्हाइकांचा मला मनापासून कंटाळा आहे, हेही सांगून टाकते. त्यांना गाडी नको असते, त्यांना गाडीचं कौतुक हवं असतं. काकाही पहिल्या दिवशी मला त्यांच्यातलेच वाटले.

त्या दिवशी त्यांनी खिशातून मोबाइल काढून एक व्हिडिओ माझ्या नाकासमोर धरला. कुठल्याशा वाळवंटात एक गाडी टेकाडावरून घराएवढी उंच उडत होती आणि खाली आपटून तशीच पुढे पळत होती. "हे पाहिजे," काका म्हणाले.

साठी ओलांडलेला, पोट सुटलेला, इस्त्रीचा बुशशर्ट घातलेला माणूस. मी म्हटलं, "काका, तुम्हाला उडायचंय का?"

"छे ओ. मला उतरायचंय. तुम्ही सगळे उडी बघता. ती उतरते कशी ते बघा ना. आत बसलेल्याची मान तरी हलली का?"

गाडी त्यांची मनोरीला होती. तिला साइड-बाय-साइड म्हणतात. दोन माणसं शेजारीशेजारी बसतील अशा दोन सीटा, चार जाडजूड टायर, डोक्यावर पाइपांचा पिंजरा, ना दार ना काच. रस्त्यावर चालवायची नाही, माती-वाळूत फिरवायची. आग्नेल नावाचा एक मनोरीकर आपल्या वाडीत सुट्टीची कॉटेजेस चालवतो. पाहुण्यांना फिरवायला म्हणून त्याने ती आणली, आणि पाहुणे पाठ धरून उतरायला लागले तेव्हा नारळाच्या झापांखाली टाकून दिली. काका एकदा इस्पितळातल्या मंडळींबरोबर तिथे सहलीला गेले होते, त्यांच्या ती डोळ्यांत भरली. त्यांनी ती घेतली. ठेवायची मात्र वाडीतच, कारण चारकोपच्या सेक्टरमधल्या सोसायटीत तिला कोण उभं करू देणार?

मी त्यांना खरं ते सांगितलं. उड्या मारणाऱ्यांचे शॉक वेगासाठी असतात, ते कडक असतात. ताशी दहाच्या वेगाने नारळाच्या मुळावरून जाताना ते तुमच्या कण्याला मुळाचा आकारसुद्धा सांगतील. आधी टायरमधली हवा कमी करून बघा, फुकटात फरक पडेल. काकांना हा सल्ला अजिबात आवडला नाही. फुकटची गोष्ट म्हणजे सुधारणा, हे त्यांना पटतच नव्हतं. ते दुसऱ्या कुठल्या तरी दुकानात गेले, व्हिडिओतल्यासारखे शॉक आणि चाकं फाकवणारे लांब आर्म बसवून घेतले आणि काही दिवसांनी माझ्या दारात उभे राहिले.

"वाट लागली," ते म्हणाले. "काय बोलायचं ते बोला. मग कामाला लागा."

मी बोलले. मग कामाला लागले.

तेव्हापासून माझे रविवार मनोरीला जायला लागले. गाळा बंद असायचा आणि घरी कोणी वाट बघत नव्हतं. मार्वेच्या जेट्टीवर काका आधीच येऊन उभे असत. खोललेले शॉक गोणपाटात गुंडाळून आम्ही बोटीतून इकडे आणायचो, आठवडाभरात मी ते जुळवायचे, पुढच्या रविवारी परत न्यायचे. कोळणी टोपल्यांसाठी जागा करताना आमच्या गोणपाटात मासळी असेल असं वाटून विचारायच्या, "मावरं का?" काका म्हणायचे, "हाडं."

पहिल्या फेऱ्यांना शेजारच्या सीटवर मी बसायचे. गाडी एखाद्या खड्ड्यातून गेली की काका लगेच ब्रेक लावून विचारायचे, "लागलं?" मी म्हणायचे नाही. पुढचं मूळ, पुन्हा ब्रेक, "लागलं?" शेवटी एकदा त्यांनी फार वेळ घसा खाकरला आणि म्हणाले, "मॅडम, राग नका मानू, पण तुमच्यावर काही खरं कळत नाही. तुमचं वजन जास्त पडतं."

"कोणापेक्षा जास्त?"

"आमच्या मंडळींपेक्षा."

पुढच्या रविवारी ते तांदळाचं पोतं घेऊन आले. पोतं शेजारच्या सीटवर नीट बसवलं, पाठीला उशी दिली आणि वरून पट्टा लावला. मी त्या दिवशी वाडीच्या कट्ट्यावर बसून एका पोत्याला समुद्राकडे फिरायला नेलेलं बघितलं. हसू आवरेना. काका मात्र प्रत्येक खड्ड्यानंतर थांबून पोत्याकडे बघत होते.

त्याचं कारण त्यांनी परतीच्या बोटीत सांगितलं. लग्नानंतर तीस-बत्तीस वर्षं वत्सलाकाकू त्यांच्या स्कूटरवर मागे बसत आल्या होत्या. एका संध्याकाळी घाईत काकांना रस्त्यातला स्पीडब्रेकर दिसला नाही. स्कूटरचं पुढचं चाक गेलं, मागचं उडालं. काकू पडल्या नाहीत, नुसत्या वर उडून सीटवरच आपटल्या आणि त्यांच्या कमरेतला एक मणका दबला.

"पडली नाही ना, म्हणून मला कळलंच नाही," काका म्हणाले. "मी गाडी चालवतोय, ती मागं. घरापर्यंत आणली तशीच. दारात बघतो तर तोंड पांढरं. दुसऱ्या दिवशी मीच फोटो काढला तिचा. माझ्याच मशीनवर. हजारो मणके बघितले असतील मी, मॅडम. तो बघून बाहेर जाऊन बसलो."

त्यानंतर काकू कमरेचा पट्टा लावून घरात वावरायच्या. दवाखान्याला जाण्यापुरत्या रिक्षात बसायच्या, तेही डोळे मिटून. नवऱ्याच्या गाडीवर त्या पुन्हा बसल्या नाहीत. आग्नेलच्या वाडीत ही गाडी बघितली तेव्हा काकांच्या मनात इंजिन आलं नाही की टायर आले नाहीत.

"दोन सीटा बाजूबाजूला," ते म्हणाले. "स्कूटरवर तिचं तोंडच दिसायचं नाही ओ. हिच्यात दिसेल. लागलं तर लगेच कळेल."

हे ऐकल्यावर हौशी गिऱ्हाइकांबद्दलचं माझं मत मी गिळलं आणि ती गाडी मनावर घेतली. कडक शॉक आम्ही काढून टाकले. काकू हलक्या, काका भारी, म्हणून तिच्या बाजूला मऊ स्प्रिंगा आणि त्यांच्या बाजूला कडक अशी जोडी लावली, म्हणजे दोघं बसल्यावर गाडी सरळ राहील. "माझ्याकडचं कितीही आदळू द्या," काकांनी बजावलं होतं. या गाड्यांना डाव्या आणि उजव्या चाकांना जोडणारा एक पोलादी दांडा असतो. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून तो दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधून ठेवतो. त्याचा तोटा एवढाच की एका चाकाचा दणका दुसऱ्या बाजूलाही थोडा पोचतो.

"काढा," काका म्हणाले.

"वळणावर झुकेल ती."

"मी हळू घेईन. माझ्याकडचा दणका तिच्याकडे कशाला?"

मी दांडा काढला. टायरमधली हवासुद्धा कमी केली आणि त्यावर काकांनी एक शब्द काढला नाही. माझ्या हिशेबाने गाडी तिथेच तयार झाली होती. गाळ्यातली तिच्याइतकी जीव ओतून जुळवलेली दुसरी गाडी मला आठवत नाही. मी म्हटलं, "आता काकूंना आणा."

"आणायचीच आहे. मागचं चाक अजून जरा वाजतंय."

मागचं चाक झालं. मग म्हणाले, पावसाने वाट धुपली आहे, ती बसू दे. वाट बसली तेव्हा त्यांना सीटची गादी खटकायला लागली. मध्येच एखाद्या रविवारी पोत्याचं तोंड सोडून त्यातले दोन वाट्या तांदूळ काढायचे. काकू घरच्या काट्यावर उभ्या राहायच्या, त्यांना वाटायचं नवरा तब्येतीची काळजी घेतोय. काका आकडा लक्षात ठेवून पोत्यात तेवढा बदल करायचे.

"काका, दोन वाट्यांनी स्प्रिंगला काही कळत नाही."

"मला कळतं ना," ते म्हणायचे.

काकूंना मी पहिल्यांदा भेटले ती काका गाळ्यात चष्मा विसरले म्हणून. रविवार होता, त्या दिवशी मला ताप होता म्हणून मी बोटीवर गेले नव्हते. संध्याकाळी बरं वाटलं तशी चष्मा द्यायला त्यांच्या घरी गेले. काका अजून मनोरीहून परतले नव्हते. काकूंनी दार उघडायला वेळ लावला. बारीक चणीची बाई, पातळावरून आवळलेला पट्टा, भिंतीला हात धरून चालणारी. घर लख्ख होतं. बुद्धाच्या मूर्तीपुढे ताजी फुलं होती आणि टेबलावर एकच कप पालथा घातलेला होता.

"तूच का ती स्प्रिंगवाली?" त्यांनी विचारलं. "बस. चहा टाकते. कोणासाठी तरी टाकू दे."

चहा पिताना मी गाडीची तारीफ सुरू केली. काकूंनी ती शांतपणे ऐकली. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "मला कळतं ते कशासाठी करतात. मी काय खुळी नाही. पण तूच सांग, दर रविवारी हा माणूस माझ्यासाठी म्हणून मला एकटीला टाकून जातो. नोकरीत होते तेव्हा रविवारी ड्युटी लागायची. आता ही ड्युटी. मला समुद्र नको ग. हे घरात बसले, दुपारी मला म्हणाले की जरा तुझ्या हातचा चहा दे, एवढं झालं तरी माझी कंबर अर्धी बरी होईल."

"मग सांगा ना त्यांना."

"कसं सांगू? गाडी सोडा म्हटलं तर त्यांना वाटेल, मी अजून त्या स्पीडब्रेकरवरच अडकलेय. आणि चला मला घेऊन म्हणायचं तर..." त्या थांबल्या. "भीती वाटते ग. खरंच लागलं आणि मी ओरडले, तर त्यांचं काय होईल?"

पुढच्या रविवारी बोटीत मी हे सगळं काकांना सांगितलं. काकूंनी सांगू नको म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी मी सांगितलंच असतं. दोन माणसं एका घरात राहून एकमेकांची अशी वाट बघतात हे मला सहन होईना. मनोरीचा किनारा आला, माणसं उतरायला लागली, तरी काका उठले नाहीत.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "एखादा पेशंट असा येतो ना, दुखण्यानं कळवळलेला, की त्याला परत झोपवता येत नाही टेबलावर. एकच फोटो मिळतो. तो हलला की संपलं. मला एकच मिळणार आहे."

मला राग आला. म्हटलं, "आणि काढलाच नाही तर?"

त्या दिवशी त्यांनी पोत्याला घेऊन दोन फेऱ्या जास्त मारल्या.

पुढचे एक-दोन रविवार ते मनोरीला आले नाहीत. मला वाटलं, चला, चहाला बसले असतील. मी जेट्टीवर जाऊन उगाच उभी राहून परत आले, आणि जरा वाईट वाटलं तरी बरंही वाटलं. मग त्यांचा फोन आला, की सीटची एक नवी गादी बघितली आहे, जेलवाली, इस्पितळात व्हीलचेअरला लावतात तशी, ती बसेल का बघा. मी म्हटलं बसेल. ती बसवली. काकांनी तळवा ठेवून दाबली, हात उचलला. म्हणाले, "आता विचारतो तिला. पुढच्या रविवारी."

थंडी नुकती पडायला लागली होती. त्याच आठवड्यात एका सकाळी दाढी करताना काकांच्या छातीत कळ आली आणि ॲम्ब्युलन्स यायच्या आत ते गेले. त्यांनी काकूंना विचारलं होतं की नाही, हे मला माहीत नव्हतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी हॉल भरला होता. इस्पितळातली जुनी माणसं आली होती, नागपूरला दिलेली त्यांची मुलगी आली होती. काकू पांढऱ्या साडीत खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. पट्ट्यामुळे ताठ की दुसऱ्या कशामुळे, ते मला कळलं नाही. मी समोर गेले तर त्यांनी माझा हात धरला आणि सोडला. तिथे विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

महिना-दोन महिने गेले आणि आग्नेलचा फोन आला. वाडीत नवं कॉटेज बांधायचंय, गाडीची जागा लागणार. मी काकूंना विचारलं, विकून टाकू का. मुलगी नागपूरला नेते म्हणत होती, घराची आवराआवर चालली होती.

"विक," काकू म्हणाल्या. "पण आधी मला घेऊन जा."

त्यांना रिक्षात बसवून मार्वेला नेताना माझा जीव मुठीत होता. रिक्षावाल्याला मी चारदा सांगितलं, स्लो ले भाई, एकदम स्लो. तरी प्रत्येक स्पीडब्रेकरला काकू डोळे मिटून श्वास धरत होत्या आणि माझ्या मनगटावर त्यांची बोटं रुतत होती. बोटीत चढताना दोन कोळणींनी त्यांना अलगद उचलूनच आत घेतलं. आज गोणपाट नव्हतं, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

आग्नेलने गाडीवरची झापं काढली. पोतं तसंच होतं. सीटवर टेकून बसलेलं, पाठीला उशी, छातीवर पट्टा. उंदरांनी एक कोपरा कुरतडला होता आणि थोडे तांदूळ पायाशी सांडले होते.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. काटा, दोन वाट्या तांदूळ, प्रत्येक खड्ड्यानंतरचा ब्रेक.

काकू पोत्याजवळ गेल्या. त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला, उशी सरळ केली. "मला वाटायचं, एकटेच फिरतात तिथं," त्या म्हणाल्या. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग म्हणाल्या, "उतरव हिला. मला बसू दे."

पोतं उतरवलं. काकूंना मी आणि आग्नेलने मिळून बसवलं, तोच पट्टा तेवढ्याच लांबीवर लागला. मी काकांच्या जागी बसले. वाडीतून सुरूच्या झाडांपर्यंत जी वाट जाते ती सरळ नाही, नारळाची मुळं आहेत, पावसाच्या पाण्याने पडलेला चर आहे, पुढे भुसभुशीत वाळू. पहिल्या मुळाशी आलो तसा काकूंनी श्वास धरला आणि डोळे मिटले.

मुळाने मला सीटवरून उचललं आणि आपटलं. माझे दात एकमेकांवर वाजले. काकांच्या वजनासाठी लावलेली ती कडक बाजू होती, माझ्या वजनाला दाद देईना. पुढचं मूळ, मग चर, प्रत्येक वेळी माझी कंबर सडकून निघत होती, आणि शेजारी काकू डोळे मिटून, श्वास धरून, देवघरातल्या समईसारख्या स्थिर बसल्या होत्या.

वाळूत आल्यावर मी गाडी थांबवली. झाडांच्या पलीकडे समुद्र होता. काकू अजून तशाच होत्या.

"सोडा," मी म्हटलं.

त्यांनी श्वास सोडला. डोळे उघडले. समुद्राकडे बघितलं की नाही मला आठवत नाही. मी कमरेवर हात दाबून धरला होता, ते त्यांनी बघितलं.

"तुला लागलं का ग?"

"हो काकू. बरंच."

"मला काहीच नाही लागलं," त्या म्हणाल्या. आवाजात आश्चर्य होतं, लहान मुलीचं असतं तसं. "ते गेले त्याच्या आदल्या रात्री विचारलं होतं त्यांनी, येतेस का म्हणून. मी म्हटलं, पुढच्या रविवारी बघू."

आणि ते काकांना सांगायला, मला काहीच लागलं नाही हे सांगायला, त्या हसून बाजूला वळल्या. बाजूला मी होते.